घंटी काढलेली पिकअप

ज्याला खोटं वाटेल त्यानं इथंच वाचणं थांबवावं. मी कुणाची समजूत घालत बसणार नाही.

ज्ञानेश माझा सख्खा चुलत भाऊ आहे. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. आणि कशालाही न घाबरणारा हा गडी आता दिवसाढवळ्या स्वतःच्या घरात दचकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतो आहे.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. शेवटचा गुरुवार. दिवेलागणीची वेळ. न्हावऱ्याहून भीमेच्या पुलाकडं जाणारा रस्ता.

तिथं जे झालं ते सांगण्याआधी ज्ञानेशच्या कामाचं थोडं सांगावं लागेल.

शिक्रापूरला हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. तिथं तो जुन्यापुराण्या गाड्या नव्यासारख्या करतो. त्यातही पिकअप हे त्याचं खरं वेड. कुठला दिवा कंपनीतून आलेला, कुठला आरसा मालकानं नंतर हौसेनं लावलेला, हे तो नुसत्या भोकावर बोट फिरवून सांगतो. कंपनीचं भोक प्रेसवर पाडलेलं, त्याची कड साफ. हातानं ड्रिल मारलं की कडेला पत्र्याचे दात राहतात. आम्ही त्याला चिडवायचो, "बायको बघायला गेलास तेव्हाही असंच बोट फिरवून ओरिजिनल आहे का बघितलंस का?"

मागच्या वर्षी पुण्याच्या एका साहेबांनी भीमेकाठच्या एका मळ्यातून अमेरिकन बनावटीची जुनी पिकअप विकत घेतली आणि ज्ञानेशकडं आणून टाकली. प्रदर्शनात उतरवायची होती. साहेबांची अट एकच. गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी पाहिजे. नंतर लावलेलं काहीही नको.

ज्ञानेशला तेच हवं होतं. त्यानं एकेक वस्तू ओळखून बाजूला काढली. कंपनीचा वायपर एकच, ड्रायव्हरकडचा. दुसरा नंतरचा, काढला. मागचा दुसरा दिवा काढला. टपावरचं कॅरिअर काढलं.

आणि एक घंटी काढली.

पितळेची, ओंजळीत मावेल एवढी. ड्रायव्हरच्या डोक्यावर टांगलेली. तिची दोरी केबिनच्या मागच्या पत्र्यातून हौद्यात गेलेली. मागं बसलेल्यांनी ओढायची. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. आपल्याकडं एस.टी.त असतं तसंच.

ज्ञानेशनं भोकावर बोट फिरवलं. दात लागले. हातानं पाडलेलं भोक.

त्याला एकच गोष्ट खटकली होती. दोरी फारच खाली सोडलेली होती. हौद्याच्या फळीपासून हातभर वर. मोठ्या माणसाला वाकून ओढावी लागेल अशी. पण गावाकडं लोक काय वाट्टेल ते करतात म्हणून त्यानं सोडून दिलं. घंटी भंगाराच्या खोक्यात टाकली. भोक वेल्डिंग करून बुजवलं, घासलं, वर रंग मारला.

दोन दिवसांनी भर दुपारी रंगारी सुदर्शनमामा गाडीखालून बाहेर आले.

"ज्ञानेश, गाडीवर थाप मारलीस का रं?"

"न्हाई मामा. मी हितं कंप्रेसरपाशी हाय."

"मग कोण हाय हौद्यात?"

हौद्यात कुणी नव्हतं. उन्हानं पत्रा तापला की आवाज करतो, असं ज्ञानेश म्हणाला. मामांनी मान हलवली. पण त्यानंतर मामा त्या गाडीपाशी एकटे थांबायचे नाहीत.

गाडी तयार झाली. साहेबांना देण्याआधी लांबची ट्रायल घ्यायची होती. शितलला, म्हणजे माझ्या वहिनीला, शेवटच्या गुरुवारच्या उद्यापनाला माहेरी केडगावला जायचं होतं. ज्ञानेश म्हणाला, चला, एका कामात दोन कामं. तिघंही केबिनमध्ये बसले. मध्ये धनश्री, त्यांची तिसरीतली मुलगी. मागचा हौदा रिकामा.

तळेगाव ढमढेरे गेलं. न्हावरं गेलं. इंजिन कसं गोड चाललं होतं. ज्ञानेश शीळ घालत होता.

पण त्याला काहीतरी टोचायला लागलं होतं...

रिकामी पिकअप मागून उडते. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे ताठ असतात, वर वजन नसतं. स्पीडब्रेकरवर ढुंगण आपटलं नाही तर ती पिकअपच नव्हे. ही गाडी मात्र उडत नव्हती.

मागं काहीतरी बसल्यासारखी दबून चालली होती.

उजेड उतरत आला. दोन्ही बाजूंना ऊस. मागंपुढं एकही गाडी नाही.

आणि मग...

थप्.

केबिनच्या मागच्या पत्र्यावर. एकच थाप.

ज्ञानेशचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आयुष्यभराची सवय. मागून एक थाप आली की थांबायचं.

"पप्पा, मागं कोण हाय?" धनश्रीनं विचारलं.

तो उतरून मागं गेला. हौदा रिकामा. नवीन पॉलिश केलेल्या फळ्या चकचकीत. ना माणूस, ना जनावर, ना रस्त्यावरचा दगड.

तो खाली वाकला आणि पाट्यांकडं बघितलं. पाटे दबलेले होते.

रिकाम्या गाडीचे पाटे दबलेले.

तो येऊन बसला आणि गाडी दामटली.

"काय हाय ओ?" शितलनं विचारलं.

"काय न्हाई. फळी ढिली झालीय."

"मग एवढा घाम का आलाय तुम्हाला?"

थप्...

थप्... थप्...

आता तो थांबला नाही. पुढं उतार लागला, लांबवर भीमेचा पूल दिसायला लागला. थापा वाढत गेल्या. दोन्ही हातांनी. घाईघाईनं. जिवाच्या आकांतानं. पत्रा थरथरत होता. शितलनं धनश्रीचं डोकं छातीशी दाबलं आणि देवीचं नाव घ्यायला लागली. ज्ञानेशला मागं बघायची हिंमत होईना. एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली होती.

थापा खालच्या अंगाला पडत होत्या. बसलेल्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. आणि हात लहान होते.

उतार संपला. गाडी पुलावर चढली.

आवाज बंद झाला...

पुलावर गार वारा होता. केडगावला सासरवाडीच्या अंगणात त्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. आणि बसल्या जागी त्याला कळलं.

गाडीचा मागचा भाग हळूच वर उचलला गेला.

कुणीतरी उतरलं होतं.

पूजा झाली. सासूबाई मुक्ताबाईंनी जेवायला वाढलं. धनश्री पाटावर बसली ती अर्ध्याच पाटावर. एका कडेला सरकून.

"नीट बस की गं बाळा," मुक्ताबाई म्हणाल्या.

"तिला जागा नको का?"

"कुणाला?"

"थाप मारणारीला."

मुक्ताबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. धनश्रीनं ताटातली अर्धी पुरणपोळी मोडून पाटाच्या रिकाम्या बाजूला सरकवली होती.

ज्ञानेश अर्ध्या ताटावरून उठला. गाडीचं काहीही होवो. ते जे होतं, ते आता गाडीत नव्हतं. ते त्याच्या पोरीच्या शेजारी बसलं होतं.

सकाळ होताच तो गाडी घेऊन पुलापलीकडं गेला. ही पिकअप ज्यांच्या मळ्यातून आली ते बाळासो आबा उताराच्या कडेलाच राहत होते. ऐंशीच्या पुढचे. आबांनी गाडी बघितली, काठी टेकत आले, केबिनमध्ये डोकावले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"घंटी कुठं हाय?"

"काढली आबा. कंपनीची नव्हती ती."

"कंपनीची कशी आसंल? माझ्या बानं बसवली ती." आबा ओट्यावर मटकन बसले. "मी दवाखान्यात व्हतो तवा पोरानं गाडी इकली. मी असतो तर सांगितलं असतं."

मग आबांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण होती. चौथी पोरगी झाली म्हणून आजीनं तिचं नाव ठेवलं नकुशी. वडील शेवंतीच्या पाट्या गाडीत घालून दौंडला रेल्वेवर माल टाकायला जायचे. नकुशी मागं बसायची. येताना मळा आला की थाप मारायची, वडील थांबायचे, ती उतरून घराकडं पळायची.

"त्या दिवशी मागं रिकामी पिंपं व्हती. त्याच्या खडखडाटात बाला थाप ऐकूच आली न्हाई. रानातल्या बायांनी बघितलं, पोरगी दोन्ही हातांनी बडवत व्हती. घर मागं पडलं तशी घाबरली, आन् उडी टाकली तिनं."

आबांनी काठी बाजूला ठेवली.

"त्याच्यानंतर बा एकटा गाडी घिऊन निघाला तरी थाप यायची. शेवटी त्यानं घंटी बसवली. पोरीचा हात पुरंल एवढी खाली दोरी सोडली. हितं आलं की घंटी वाजायची. थांबायचं. मागं बघायचं न्हाई. ती उतरायची. दोन टोलं पडलं की निघायचं. बानं मरूस्तवर पाळलं, मी बी पाळलं."

"आबा, आता ती माझ्या पोरीजवळ हाय..."

"घंटी लाव. आन् आणून सोड तिला हितं."

ज्या पत्र्यावर ज्ञानेशनं आरशासारखा रंग चढवला होता त्यालाच त्यानं शिक्रापूरला जाऊन पुन्हा ड्रिल लावलं. भंगाराच्या खोक्यातून घंटी काढली. दोरी खाली सोडली, हातभर उंचीवर. सुदर्शनमामा लांबूनच बघत होते.

मग तो केडगावला परतला. धनश्रीला घरी ठेवायची शितलची तयारी नव्हती. पोर रात्रभर कुणाशी तरी कुजबुजत होती, म्हणाली. म्हणून तिघंही निघाले. या वेळी धनश्री हट्टानं खिडकीशी बसली.

दुपारचं लख्ख ऊन. गाडी मागून दबलेली. पूल ओलांडला. मळा आला.

टण्...

एक टोला.

त्यानं गाडी थांबवली. मागं बघितलं नाही. शितलनं डोळे गच्च मिटले होते, ओठ पुटपुटत होते.

मागचा भाग वर उचलला गेला...

शांतता. रानात पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

टण्... टण्...

दोन टोले.

ज्ञानेशनं क्लच सोडला. पहिल्याच खड्ड्यात गाडी मागून उडाली. रिकामी! त्याला रडू आणि हसू एकदम आलं. "गेली गं शितल, गेली एकदाची," असं म्हणत तो वळला.

शितलच्या पलीकडची जागा मोकळी होती. दार उघडं हलत होतं.

शितल जी किंचाळली ती मळ्यापर्यंत ऐकू गेली. ज्ञानेश गाडी रस्त्यातच सोडून मागं धावला. धनश्री शेवंतीच्या वाफ्याच्या कडेला उभी होती. रडत नव्हती. तिचा एक हात बाजूला धरलेला होता, मूठ अर्धी मिटलेली. कुणाचा तरी हात हातात असावा तशी.

त्यानं तिला उचलून छातीशी धरलं.

"का उतरलीस गं? का उतरलीस?"

"तिला घरी सोडायला." धनश्रीचा आवाज अगदी साधा होता. "मी म्हणलं, जा, तुझं घर आलं. तर ती न्हाई म्हणली."

"का?"

"तिच्या बानं थाप ऐकलीच न्हाई म्हणं. तुम्ही पहिल्या थापेला थांबला. ती म्हणली, मला हेच पप्पा पायजे."

ज्ञानेश तिथंच, वाफ्याच्या कडेला खाली बसला.

पुढं सगळं केलं. देवऋषी झाला, नारळ झाले, आबांनी मळ्यात नकुशीच्या नावानं दिवा लावला. पिकअप साहेबांच्या ताब्यात गेली. ज्ञानेशनं हात जोडून सांगितलं होतं की घंटी काढू नका. साहेबांनी ती प्रदर्शनाआधीच काढली. मध्ये फोन आला होता त्यांचा. गाडी झकास चालते म्हणाले. थाप नाही, काही नाही.

हे ऐकून माणसाला बरं वाटायला पाहिजे. ज्ञानेश फोन ठेवून किती तरी वेळ गॅरेजच्या दारात उभा राहिला. गाडीत ती नाही. मळ्यात राहायला तिनं नकार दिलेला.

धनश्री शाळेत जाते, खेळते, जेवते. बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसत नाही. मीही गेल्या आठवड्यात त्यांच्याकडं जेवायला होतो. आतल्या खोलीतून आवाज आला, "पप्पा..."

ज्ञानेशनं ओ दिली नाही. घास हातात धरून तो तसाच बसला. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही, म्हणून मी म्हणालो, "अरे, पोरगी हाक मारतीय."

त्यानं नुसतं समोर बोट दाखवलं.

धनश्री माझ्याच शेजारी बसून वरणभात खात होती.