खोटी हजेरी

"तो दरवाजा उघडू नका. पलीकडे माझी भट्टी आहे, भाजून निघाल."

मी दचकून हात मागे घेतला. वळून बघते तर पांढऱ्या टोपीतला एक माणूस, कोपरापर्यंत पीठ, खांद्यावर पावांनी भरलेला भलामोठा ट्रे. ट्रेच्या आडून फक्त डोळे दिसत होते, आणि ते चक्क हसत होते.

"दारावर काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"आहे की. फक्त कर्मचाऱ्यांसाठी. लाल अक्षरांत."

होतं. चांगलं हातभर होतं. पण चूक कबूल करणं हे आमच्या रक्तातच नाही. मी म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे."

"हो का? सांगतो कप्तानाला, मॅडमना दिसत नाही म्हणून." त्याने ट्रे दुसऱ्या खांद्यावर घेतला. "पहिल्यांदाच आलात ना जहाजावर?"

"कपाळावर लिहिलंय का माझ्या?"

"नाही हो. पण मघापासून भिंत धरून चालताय... जहाज अजून धक्क्यालाच बांधलेलं आहे. हललंसुद्धा नाही."

मला हसू आलं. खरंखुरं, पोटातून. आणि लगेच स्वतःचा इतका राग आला की मी जिना कुठे म्हणून विचारलं आणि त्याने दाखवला त्या बाजूला तरातरा चालू लागले. ताईला जाऊन अकरा महिने झाले होते. या जहाजावर खरं तर ती यायची होती.

तिनेच ठरवली होती ही सहल. जाहिरात बघून हरखली होती नुसती! कुटुंबांसाठी खास जहाज, चार दिवस पाण्यावर, प्रत्येकाच्या छातीवर नावाऐवजी नात्याचा बिल्ला. आई, बाबा, आजी, दादा. मग तिला ताप आला, आठ दिवस इस्पितळात राहिली, आणि संपलं. सहल रद्द करायला कुणाचा हात धजावला नाही. म्हणून तिच्या जागी मी. भावजी, सहा वर्षांची माझी भाची आणि मी. भाचीला आम्ही खारू म्हणतो. काहीही खायला दिलं की खारीसारखं दोन्ही गालांत भरून ठेवते.

चढताना दारातल्या मुलीने विचारलं, "तुमचा बिल्ला कोणता?"

"मावशीचा आहे का?"

"मावशी नाहीये हो... आईचा घ्या ना, एवढं काय!"

मी बिन-बिल्ल्याची आत आले.

केबिन छोटीशी. एक मोठा पलंग, भिंतीतून खाली ओढायचा एक लहान, आणि सोफा. भावजींनी न बोलता आपली उशी सोफ्यावर टाकली. माणूस वाईट नाही. शाळेत गणित शिकवतात, आवाज चढवत नाहीत, ताईवर जीव होता. तेवढ्यात आईचा फोन आला.

"हे बघ, जहाज निघालं की फोन लागत नाही म्हणतात. त्याआधी मला काय ते कळव. सहलीहून आल्या आल्या तुझ्या भावजींच्या घरचे त्यांच्यासाठी दुसरं स्थळ बघायला जाणार आहेत. एकदा परकी बाई घरात आली की पोर आपल्याला दिसायची नाही. तू त्यांच्याशी लग्नाला हो म्हणालीस तर पोर आपल्याच मांडीवर राहील. एवढं काय अवघड आहे गं?"

काय अवघड आहे? ताईच्या जागी बसायचं, बास. ताईच्या कपाटात माझे कपडे लावायचे. हो म्हणावं तर मी संपले, नाही म्हणावं तर खारू गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि मुदत कधीपर्यंत, तर संध्याकाळी जहाज सुटेपर्यंत.

तीन वाजता भोंगा झाला. सगळ्यांनी लाइफजॅकेट घालून डेकवर यायचं, संकटाची कवायत. दोनशेएक माणसं, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि समोर यादी घेऊन नारिंगी जाकिटात उभा... आमचा भट्टीवाला! जहाजावर म्हणे प्रत्येकाला एकेक जादा काम असतं. पाव करणाऱ्याने दुपारी माणसं मोजायची. एकही माणूस कमी असेल तर कुणालाही सोडायचं नाही, असा नियम.

"केबिन आठशे बारा. बाबा?"

"हजर," भावजी म्हणाले.

"मुलगी?"

खारूने माझ्या हातातला हात तसाच वर केला. माझाही वर गेला.

"आई?"

तिकिटावर ताईच्या जागी माझं नाव घातलं होतं, पण नातं बदलायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"आठशे बारा, आई? आई आली नाही का?"

"आई केस विंचरत असेल!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. भावजी स्वतःच्या बुटांकडे बघत होते. एक आजोबा कुरकुरले, "अहो, एका बाईपायी सगळ्यांना उन्हात वाळवताय!"

"आई कुठंय? कुणीतरी आईला बोलवा!" भट्टीवाला पुन्हा ओरडला.

खारूची हनुवटी थरथरायला लागली. ते मला बघवेना. मी ओरडले, "हजर!"

भट्टीवाल्याने मान वर केली, मला ओळखलं आणि यादीवर खूण केली. माणसं सुटली. खारूने माझ्याकडे बघितलं, आपला हात माझ्या हातातून काढून घेतला आणि बापाचा हात धरून निघून गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही कार्टीने.

मी कठड्याशी उभी राहिले. खाली धक्क्यावर माणसं खोकी चढवत होती. थोड्या वेळाने शेजारी ताज्या पावाचा वास आला.

"तुम्ही आई नाही ना?"

"तुम्ही पाव करता की चौकशी?"

"पहाटे पाव, दुपारी चौकशी. माणसं कमी, कामं फार." मग आवाज उतरवून म्हणाला, "माझी यादी खरी लागते हो. उद्या खरंच काही झालं तर आई मिळाली म्हणून मी होडी सोडून देईन... आणि ती मागे राहील. त्या पोरीने बघितलं तुमच्याकडे, तेव्हाच मला कळलं, काहीतरी चुकलंय. कुठे आहे तिची आई?"

"वारली. अकरा महिने झाले."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. चेहरा एकदम उतरला.

"मी तीनदा ओरडलो," तो म्हणाला. "त्या पोरीसमोर... तीनदा."

अकरा महिने जो तो मला समजावत होता. ज्याला स्वतःची लाज वाटली असा हा पहिलाच. म्हणून असेल, पण मी त्याला सगळं सांगून टाकलं. आईचा फोन, दुसरं स्थळ, संध्याकाळची मुदत. अनोळखी माणसाला! मी औषधांच्या दुकानात काम करते, तिथे गिऱ्हाइकाशी फार बोलले तर चिठ्ठीवरचं अक्षर कळत नाही, एवढंच.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "भावजी आवडतात तुम्हाला?"

"चांगले आहेत."

"पाव शिळा निघाला की आमचं गिऱ्हाईकही भिडेपोटी तेच म्हणतं. चांगलाय."

"तुम्हाला काय कळतंय? तुमचं लग्न झालंय?"

"कुणाशी होणार? नऊ महिने समुद्रात, तीन महिने झोपेत. एक मुलगी बघायला गेलो होतो. तिने विचारलं, घरी कधी असता? म्हटलं, वाढदिवसाला नसतो. ती म्हणाली, कुणाच्या? म्हटलं, कुणाच्याच."

मी पुन्हा हसले. या वेळी राग यायला जरा उशीर लागला.

"तुमच्या भुवईवर पीठ आहे," मी म्हणाले.

"कुठं?" त्याने भलतीकडेच पुसलं.

"तिथे नाही हो... थांबा." मी रुमाल पुढे केला. तो वाकला. जवळून त्याचे डोळे दमलेले होते, कडांना लाल, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मी पीठ पुसायचं विसरले. मग त्यानेच रुमाल घेतला—बोटं लागली, कोमट, जरा खरखरीत. वाऱ्याने माझे केस तोंडावर आले ते बरंच झालं.

"जा मॅडम," तो हळूच म्हणाला. "आधी पोरीकडे जा."

खारू केबिनमध्ये कपाटात सापडली. लाइफजॅकेटं बाजूला सारून आत बसली होती. भावजी म्हणाले, "तासभर झाला, बाहेरच येत नाही," आणि डेकवर निघून गेले. मी कपाटासमोर जमिनीवर बसले.

"तू हजर म्हणालीस," आतून आवाज आला.

"सगळे उन्हात उभे होते गं."

"तू माझी आई होणारेस?"

"कोण म्हणालं?"

"आजी फोनवर बोलत होती. मी झोपले नव्हते, नुसते डोळे मिटले होते." तिने नाक ओढलं. "इस्पितळात आजी मला जवळ घेऊन म्हणाली होती, माय मरो पण मावशी जगो. असंच असतं म्हणाली."

"मग?"

"मग तू आई होऊ नकोस. आया मरतात. मावशी राहिलीस तर जगशील."

मी तिला बाहेर ओढलं आणि छातीशी धरलं. रडावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं, आईला फोन करून बघ तुझ्या म्हणीने काय केलं ते, असं सांगावंसं वाटत होतं. कुणी मरत नाही गं, आई झाली म्हणून कुणी मरत नाही, असं तिला दहादा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि अकराव्यांदा विचारलं, "पण तू मावशीच राहणार ना?"

"राहणार," मी म्हणाले. त्याची किंमत काय पडेल ते माझ्या एकटीला ठाऊक होतं.

सहाला दोरखंड सुटले. डेकवर बँड, फुगे, एकमेकांना मिठ्या मारणारी कुटुंबं. त्या गदारोळात मी भावजींना गाठलं.

"भावजी, माझ्याच्याने नाही व्हायचं."

त्यांनी किनाऱ्याकडे बघत विचारलं, "दुसरं कुणी आहे का तुझ्या मनात?"

"नाही," मी म्हणाले, आणि ते खरं की खोटं हे माझं मलाच कळेना.

"मग ते स्थळ पक्कं होईल. त्यांची एक अट आहे, पहिल्या बायकोच्या माहेराशी जाणंयेणं नको." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी भांडेन गं तुझ्यासाठी. पण तू मला ओळखतेस. किती दिवस भांडेन?"

फार दिवस नाही. हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचे उपकारच मानले.

आईला फोन लावला. "आई, माझा नकार आहे."

"पोरीचा विचार केलास?"

"तिचाच केला."

"उद्या तिचं तोंड बघायला मिळालं नाही ना, तर माझ्या दारात रडत येऊ नकोस. तुझ्या ताईने—" आणि तिथेच आवाज तुटला. किनारा बोटभर उरला होता.

मागच्या डेकवर कुणी नव्हतं. मी तिथे जाऊन मनसोक्त रडले. कधीतरी कळलं की भट्टीवाला थोडं अंतर ठेवून उभा आहे, साध्या सदऱ्यात, टोपीशिवाय.

"तुम्ही अजून जागे?"

"झोपायलाच निघालो होतो. दोन वाजता उठायचं असतं." पण तो हलला नाही. "रडून घ्या. मी आहे इथे."

मी रडून घेतलं. तो खरंच तिथेच होता. समजावलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. शेवटी मी डोळे पुसले तेव्हा म्हणाला, "नकार दिलात?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग मीही एक सांगून टाकतो, नाहीतर उद्याचे पाव करपवीन. मला तुम्ही आवडलात. चार दिवसांनी तुम्ही उतराल, मी इथेच असेन, हे सगळं कळतंय मला. उत्तर नको. आज एक उत्तर दिलंत, ते पुष्कळ झालं."

माझं काळीज असं धडधडलं की लाज वाटली. इतक्या वाईट दिवशी माणसाला बरं वाटावं?

"आज मी हो म्हणाले तर लोक म्हणतील, याच्यासाठी हिने पोर सोडली. आणि मीही म्हणेन."

"उद्या?"

"उद्याही म्हणेन कदाचित. पण विचारा. उद्या नक्की विचारा."

तो हसला नाही. फक्त मान डोलावली आणि कठड्यावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला. मी तो काढून घेतला नाही.

"मावशी! अगं मावशी, कुठे गेलीस?" खारू दारात उभी राहून मोठ्याने हाका मारत होती. "जेवायला चल ना लवकर, बाबांनी तुझी जागा धरलीय!"

आमची ताटातूट होणार, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी चार दिवस होते माझ्याकडे, आणि त्याच्यासाठीही तेच चार. मी म्हणाले, "आले गं," आणि तिच्या मागोमाग जेवायला गेले.