नखभर उजेड

तुम्ही बांधकाम खात्याचे, पण त्या पुलाखाली कधी उतरलाच नाहीत, साहेब. सळया बाहेर आल्या, खांबांवरच्या रबरी गाद्या कुजल्या, आणि तुम्ही वर कठड्याला काळे-पिवळे पट्टे मारून फोटो काढलेत. मांजरा नदीवरच्या त्या पुलावरून बिलोलीची माणसं जीव मुठीत धरून जात होती...

मनिषा तर रोज जायची. पलीकडच्या आरोग्य केंद्रात ती नर्स. त्या सकाळी दुरुस्तीच्या इंजिनिअरनं, सुगतनं, तिची स्कूटी अडवली.

"सिस्टर, थोडं थांबा. पूल उचलून राहिलो."

"पूल हाय का पोतं?"

तो हसला. भुवयांवर सिमेंटची धूळ. "जॅकच्या मीटरची सुई वाचता येती का? ती बघणारा माझा माणूस तापानं पडलाय."

"दिवसभर बीपीची सुईच बघते की मी."

पुलाखाली ओल्या काँक्रीटचा वास होता. हेल्मेटचा पट्टा तिच्या हनुवटीपर्यंत नेऊन त्याची बोटं थबकली — मग पट्टा त्यानं तिच्याच हातात दिला.

"सगळे जॅक सारखे चढायला पायजेत. तुमची सुई पुढं पळाली की हात वर करा. न्हाईतर पुलाला चीर जाईल."

पंप घुमला. सुई थरथरली, पळाली. मनिषानं हात वर केला आणि सगळं जागीच थांबलं. पुन्हा पंप... आणि खांब नि पुलाच्या मधे नखभर उजेड आला. ट्रका, बैलगाड्या, वराती अंगावर घेतलेलं ते धूड अधांतरी होतं. फटीतून पलीकडचं पाणी चमकलं. मनिषानं वळून पाहिलं. सुगत पुलाकडं बघतच नव्हता.

तापाचा माणूस बरा झाला, तरी सुई मनिषाकडंच राहिली. दोन खांबांमधल्या एकेका गाळ्याला नव्या गाद्या बसत गेल्या. ड्युटीआधी ती यायची, तो चहा ओतायचा, आणि दोघं पुलाबद्दलच बोलायचे.

शेवटचा गाळा खाली टेकला, तेव्हा सुगत सामान बांधत होता.

"उद्या निलंग्याला. तिथला पूल हाय."

"तिथं सुई कोण बघंल?"

"बघंल कुणीतरी... पर..."

"पर काय?"

तो दोरीला गाठीवर गाठ मारत राहिला.

"एवढं धूड उचललं, तवा हात थरथरला न्हाई तुमचा," मनिषा म्हणाली. "आता दोरी सोडा अन् इकडं बघा. तुम्ही इचारलं न्हाई तरी माझं 'हो' हाय. तुमचं काय, ते सांगा."