चौथी पावलं

"तीनच पोरां आसत माझी. ह्या बाईक चौथा खंय दिसता?"

कालिंदी शेजारणीच्या कानात पुटपुटली, पण दहा बाय बाराच्या खोलीत पुटपुटणंही सगळ्यांचंच असतं. कौसल्याबाईंनी ते ऐकलं, वहीतला चार खोडून तीन केला आणि स्वतःवरच चिडल्या. पंधरवड्यातली ही सातवी खाडाखोड.

१९६० चा मार्च. मुंबईसकट राज्य मिळणार हे नक्की झालं होतं आणि लालबागच्या घासवाला चाळीत पताका कापायला सुरुवात झाली होती. त्याच चाळीत पंधरा दिवसांत नऊ पोरांना ताप आला. चौघांचा ताप गेला तो एकेक पाय सोबत घेऊन. सगळ्यांत आधी आजारी पडलेली बारकी पोर तर वाचलीच नाही. पोलिओ. तो येतोय कुठून, हे शोधायला म्युनिसिपालिटीनं कौसल्याबाईंना धाडलं होतं. घरोघर जायचं, पाच वर्षांखालची पोरं बघायची, लुळेपणाची पहिली खूण हेरायची.

पण पोरं मोजायची कशी? बोट दाखवून एक, दोन म्हटलं की आया पदर आड धरत. मोजलेल्या लेकराला दृष्ट लागते म्हणे. तेव्हा बाईंनी आपली रीत काढली होती. दारात पाण्याची परात ठेवायची. पोरांनी पाय बुडवायचे आणि शहाबादी फरशीवरून समोरच्या भिंतीपर्यंत चालायचं. बाई पोरांकडे बघतच नसत, फरशीकडे बघत. कुणाची टाच टेकत नाही, कुणाचा अंगठा घासतो, सगळं उमटायचं. ओळी मोजल्या की पोरं मोजून होत, कुणाच्या पदराला हात न लावता.

काही खोल्यांत मात्र एक ओळ जास्त भरायची.

बारकी पावलं, जेमतेम तीन वर्षांची. उजवं नीट, डावं फरफटत आलेलं, मागे पाण्याची लांब रेघ. पहिल्यांदा वाटलं, एखादं पोर दोनदा चाललं. मग वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. बौद्ध धर्म घेतला तेव्हा वरळीच्या घरातला देव्हारा त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला होता. देवांनाच जिथं रजा दिली, तिथं भुताखेतांना कोण ठेवून घेणार?

डॉक्टर धुरंधर, ठाकूरद्वारचे, बाईंचे साहेब. संध्याकाळी परळच्या कचेरीत त्यांनी वही चाळली.

"ही खाडाखोड कसली, कौसल्याबाई?"

"मोजण्यात चूक होते, डॉक्टर."

"दर वेळी एकानंच?"

"एकानंच."

डॉक्टरांचं बोट तारखांवरून खाली सरकत गेलं. आधीच्या सहा खोल्या खोडलेल्या. सहाही ठिकाणी तिसऱ्या दिवशी ताप. त्यांनी वही मिटून परत दिली.

"मग चूक करत राहा," एवढंच ते म्हणाले.

सातवी खोली कालिंदीची होती. तिथं सगळ्यांत धाकटा जगदीश, दोन वर्षांचा, दिवसभर गॅलरीत धावणारा. कौसल्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथं हजर झाल्या.

"ह्याला ताप आला की निजवून ठेवायचं. खेळू द्यायचं नाही, आणि सुई तर मुळीच टोचू द्यायची नाही."

"पण त्याका काय झालाच नाय," कालिंदी म्हणाली. तिची नजर मात्र फरशीवरून हलली नाही.

तिसऱ्या दिवशी ताप आला. दुपारी नाक्यावरच्या दवाखान्याचा कंपाउंडर सुई उकळून हजर. बाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

"बाजूला व्हा ना, बाई. तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"झाले नाही. म्हणून तर टोचत नाही. ह्या तापात सुई टोचली की पाय जातो."

तो कुरकुरत गेला. आत जगदीश निजलेला, मोठी दोघं शेजारी धाडलेली. चालायला कुणीच नव्हतं. तरी बाईंनी परात भरली. का, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. कालिंदीनं पाठ फिरवली आणि चुलीत फुंकर घालत राहिली.

परातीतलं पाणी हललं.

पावलं भिंतीकडे गेली नाहीत. उंबरा ओलांडून गॅलरीत गेली, जिन्याकडे वळली. डाव्या पावलाची रेघ पायरीपायरीवरून उतरू लागली. बाहेर चैत्राचं ऊन. मागची पावलं पुढची उमटेपर्यंत वाळत होती. पन्नाशीला टेकलेल्या कौसल्याबाई दोन-दोन पायऱ्या उतरत धावल्या.

चाळीच्या मागं, संडासांच्या भिंतीलगत, मोडक्या फळ्यांचा ढीग होता. पावलं त्या ढिगाखाली गेली.

परत आली नाहीत.

फळ्यांखाली लोखंडी झाकण निघालं, झाकणाखाली जुनी टाकी. मागच्या नळाचं पाणी इथूनच चढत होतं आणि संडासाचं गटार भिंतीतून तिच्यात पाझरत होतं. डॉक्टरांनी उभं राहून टाकी बुजवून घेतली. त्या आठवड्यात आणखी दोघांना ताप आला. मग एकाला. मग कुणालाच नाही. अहवालात टाकी कशी सापडली ह्यापुढं बाईंनी लिहिलं, "वासावरून." डॉक्टरांनी त्याखाली सही केली.

उरला जगदीश. ताप उतरला, पण डावा पाय ढिला पडला होता. कालिंदीनं महिनाभर त्याला जमिनीवर टेकू दिलं नाही. रोज शेक, रोज बाईंनी दाखवलेला व्यायाम.

एक मेच्या संध्याकाळी चाळ दिव्यांनी उजळली होती, खाली लेझीम घुमत होती. बाईंनी दारात परात ठेवली. आधी मोठी दोघं चालून भिंतीशी बसली. मग जगदीश. गॅलरी माणसांनी गच्च भरलेली.

तो चालला. डावी टाच टेकली, पाचही बोटं उमटली. भिंतीला हात लावून तो हसला आणि अख्खा मजला ओरडला. कुणी पेढे आणले, कुणी बाईंच्या पाया पडायला लागलं. कंपाउंडरही गर्दीत टाळ्या वाजवत होता.

कौसल्याबाईंनी सवयीनं फरशीकडे पाहिलं.

तीन पोरं भिंतीशी. ओळी चार.

चौथी गॅलरीतून आत आली होती. बारकी पावलं, दोन्ही सारखी. कुठं रेघ नाही. जगदीशच्या शेजारी जाऊन ती थांबली होती, आणि तिथली फरशी वाळत नव्हती.

बाईंनी वहीत चार लिहिला आणि खोडायला पेन्सिल उलटी धरली. कालिंदीनं त्यांचं मनगट धरलं.

"खोडू नका, बाई," ती हळूच म्हणाली. "त्या पोरीचोय पाय बरो झालो. चारच आसत."