पारोळ्याच्या तंबूतलं इंजिन

सन १९२९. पारोळ्याच्या किल्ल्यामागे मुक्या सिनेमाचा तंबू उभा होता. संध्याकाळच्या हवेत जिनिंग गिरणीतला कापूस तरंगत होता आणि पांढरा पडदा हळूच फुगत होता, पुन्हा सपाट होत होता.

धुळ्याचे खासगी तपासनीस अभिमन देसले आणि त्यांचा सोबती निंबा आत शिरले. मालक भिकनभाऊ संतापले होते.

"उद्या दोंडाईच्याचे व्यापारी तंबू विकत घ्यायला येताहेत आणि इंजिन चालत नाही. त्याच्याशिवाय दिव्याला वीज नाही. हे अमीनचंच काम. नवा मालक त्याला ठेवणार नाही ना."

ऑपरेटर अमीनने हँडल मारून दाखवलं. इंजिन गप्प.

"प्लगला ठिणगी आहे. पेट्रोल स्वच्छ आहे. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, की एकदा सुरू होतं. थोडं चालून मरतं. मग काही केल्या उठत नाही."

पडद्यामागे भिकनभाऊंची बायको मंजुळाबाई आरशासमोर बसली होती. कपाळावर बोटाने मेण लावून ती त्यावर कुंकू टेकवत होती. खेळ चालू असताना पडद्यावरच्या बायकांचं बोलणं तीच बोलायची.

"अक्का, तंबू विकताहेत हे ठाऊक होतं?" अभिमननी विचारलं.

"परवा समजनं. दुसराकडथून."

"इंजिनाला काय झालं असेल?"

"दम कोंडाई गया व्हई त्याना," ती पडद्याकडे पाहत म्हणाली.

अभिमन परत इंजिनापाशी आले. टाकीचं झाकण काढून त्यांनी टाचणीने कोरलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"पेट्रोल खाली उतरायला वरून हवा आत यावी लागते. झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजवलंय, पण तेलकट धुळीखाली दिसत नाही. झाकण उघडलं की हवा शिरते, म्हणून इंजिन एकदा चालतं."

"म्हणजे अमीननेच," निंबा म्हणाला.

"त्याने बुजवलं असतं, तर झाकणाची गोष्ट आपणहून सांगितली नसती. हे बघ, मेण. त्यात लाल कण आहेत, कुंकवाचे." त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि इंजिनाचा दम कोंडलाय, हे आम्हाला कळण्याआधी अक्कांना कळलं होतं."

मंजुळाबाई पुढे आली.

"ते भोक मांगे अमीननीच दखाडं व्हतं. पडदावरल्या बठ्ठ्या, एकूणएक बाया मन्हा आवाजमा बोलतस. तंबू इकताना माले कोनी इचारं नही."

भिकनभाऊंनी आधी अमीनची माफी मागितली. मग बायकोजवळ जाऊन उभे राहिले.

"विकायचा का?"

"नही."

"अमीन, दोंडाईच्याला निरोप धाड."

पहिल्याच हँडलला इंजिन धडधडलं. पडद्यावर एक राणी नदीच्या काठी आली, आणि पडद्यामागून आवाज उमटला, आधी कापरा, मग तंबूभर. धुळ्याची शेवटची मोटार निघून गेली, तरी अभिमनना उठावंसं वाटलं नाही.