राज्य नको म्हणणारा

वृषाली चुकून त्या खोलीत शिरली. परंड्याच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचं राज्यशास्त्राचं व्याख्यान शेजारच्या दालनात होतं. इथं एक उंच, सावळा तरुण मोजक्या लोकांना सांगत होता, “अराज्यवाद म्हणजे गोंधळ नव्हं. माणसावर वरून कुणी हुकूम चालवू नये, एवढंच.”

ती उठायला लागली, तशी त्याची नजर तिच्यावर अडली.

“कंटाळा आला?”

“न्हाय… मी सरकारी नोकरीचा अभ्यास करतेय. आणि तुम्ही तर सरकारच काढून टाकलंत!”

सगळे हसले. तो लाजला. मग ती बसलीच.

त्याचं नाव कृष्णराज. शेजारच्या गावचा, पण शिक्षणापायी पुण्यात वाढलेला. त्याचे वडील हिंमतराव बडे बागायतदार. वृषालीची अख्खी बौद्ध वस्ती त्यांच्याच रानात राबायची. हे कळूनही ती किल्ल्याजवळच्या टपरीवर त्याला भेटत राहिली. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तो रंगात येऊन सांगायचा – काही अराज्यवादी जमीन-अवजारं सगळ्यांची सामायिक मानतात, काही म्हणतात कारखाने कामगारांच्या संघटनांनीच चालवावेत, काहींना आधी एकेका माणसाचं स्वातंत्र्य हवं, आणि काहींना हिंसा हीसुद्धा हुकूमतच वाटते.

“तू यातला कुठला?”

“तू म्हणशील तो.”

“म्हंजे हुकूम चालतो तर!” ती खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, “पण कायदा गेला, तर आमच्या वस्तीवर राज्य कुणाचं रे? तुझ्या वडिलांचंच ना?”



हिंमतरावांना दोघांच्या भेटींची कुणकुण लागली. एका दुपारी त्यांच्या माणसांनी वृषालीच्या वडिलांना, ज्ञानोबांना, बांधावर गाठून काठ्यांनी त्यांचा पाय मोडला. हिंमतराव स्वतः उभे होते. बघे पुष्कळ होते. उचलायला कुणी पुढं झालं नाही. कृष्णराज धावत आला आणि त्यानं एकट्यानं ज्ञानोबांना पाठीवर घेतलं.

दवाखान्यात वृषालीनं कोरड्या डोळ्यांनी विचारलं, “ठाण्यात जबाब देशील? बापाचं नाव घेऊन?”

“पोलिसांकडं…? अगं, मी आजवर लोकांना सांगत आलो–”

“सांग की. तुला परवडतंय. आमच्यापाशी त्या कायद्याबिगर दुसरं काय हाय?”

तो मान खाली घालून निघून गेला. गेला तो गेलाच, असं तिला वाटलं. दिवस कलताना परतला.

“दिला जबाब. फौजदार लिहूनच घेईना. म्हणाला, बाप हाय तुझा, घरी जा. मी जागचा हललो न्हाय.”

“आता घरी?”

“घर संपलं.”

ज्ञानोबांनी खाटेवरून त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. “पोरी, त्याला जायला सांग. अगदी बापाचा तोंडवळा हाय त्याचा.”

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. जरा वेळानं वृषाली त्याच्याशेजारी टेकली.

“माझे अण्णा जन्मभर असंच म्हणतील.”

“म्हणू देत.”

“मला तुझ्यासंगं राहायचंय… पण नोंदणी करून. सरकारी शिक्का पाहिजे मला.”

कृष्णराजनं तिच्याकडं पाहिलं. “मला तू पाहिजेस… शिक्क्यासकट.”

तेव्हा कुठं ती रडली. आत ज्ञानोबा कण्हले. डोळे पुसून ती आत गेली. तो पायरीवरच बसून राहिला.