पोचल्यावरच फोन

"निघालोच काका! शिरूर अनंतपाळच्या पुढं आलो बघा..."

असं म्हणणारा माणूस लातुरात, आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर चहा पीत निवांत बसला होता. मी जिन्यातच थबकले. अंगात आमच्याच सोलर पंप कंपनीचा निळा शर्ट! म्हणजे हाच वीरेश. नव्या नोकरीतला माझा दुसरा दिवस. शेतकऱ्यांच्या तक्रारी घ्यायच्या आणि दुरुस्तीला याला पाठवायचं, हे माझं काम. सकाळीच देवणीच्या भागवतकाकांना मी शब्द दिला होता — माणूस निघालाय म्हणून.

मी हात पुढे केला. "द्या इकडे."

बावरून त्याने फोन दिला.

"काका, ऑफिसातून मंजुषा बोलतेय. माणूस अजून लातुरातच आहे, चहा पितोय. चारपर्यंत पोचेल. नाही पोचला तर मला सांगा."

तो बघतच राहिला. "म्याडम... लई इज्जत काढली की ओ माझी."

"तुमची गेली, माझी राहिली."

बोलले खरी, पण नोकरी अजून पक्की नव्हती. घरी इवलीशी गौरा, आणि तिचे बाबा जाऊन दोन वर्षं झालेली. माझ्याकडे देण्यासारखा एक शब्दच तर होता.

चारच्या आधीच फोन वाजला. "पोचलो म्याडम. काका च्या पाजवून राहिले. पिऊ का... परवानगी हाय?"

मला हसू आलं. त्याला ते ऐकू गेलं असावं.

तेव्हापासून तो पोचल्यावरच फोन करायचा. पंप सुरू झाला की मोबाईल पाटाजवळ धरायचा. "ऐका..." रणरणत्या दुपारी, पंख्याखाली डोळे मिटून मी ते खळाळतं पाणी ऐकायची. हळूहळू शेतकरी म्हणू लागले, "मंजुषाताईनं सांगितलं ना? मग येतोय माणूस." मॅनेजर शिवशंकर साहेबांनी नोकरी पक्की केली, नांदेडचंही काम सोपवलं.

"नाव तुमचं होऊन राहिलंय, अन् पळून राहिलो मी!" वीरेश एकदा म्हणाला.

"तुमचंही होतंय की."

"मला नाव नको. मला..." तो थांबला. "जाऊ द्या. उमरीला जायचंय."

पुढचं वाक्य मला कळलं होतं. म्हणूनच धास्ती वाटली. न पाळलेला शब्द शेतकरी विसरेल. माझं लेकरू मात्र दारात वाट बघत बसेल.

मग एकदा नांदेडहून परतताना माझी बस अहमदपूरच्या अलीकडे बंद पडली. गौरा शेजारच्या दानम्मामावशींकडे होती, आणि त्यांना तर संध्याकाळच्या गाडीने उदगीरला लेकीकडे जायचं होतं. दुसरं कुणी सुचेना. वीरेशला फोन लावला.

"मावशींची संध्याकाळची गाडी आहे. मी येईपर्यंत माझ्या घरी गौराला सांभाळाल?"

मला वाटलं, आता म्हणेल — निघालोच. पण, "बघतो," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

काचेवर बारीक थेंब जमत होते. मोबाईल मुठीत घामेजला. वाजला, तर औशाचे शेषेराव! वीरेशला आज त्यांच्याकडेच पाठवायचं ठरलं होतं. मी फोन उचलला.

"ताई, वीरेशचा फोन आलता. म्हणला, एका लेकराला सांभाळायचंय, आज जमत न्हाई, उद्या सकाळी येतो. चालतंय म्हणलं. त्यो पोरगा आता खोटं बोलत न्हाई."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. जपून कमावलेलं नाव त्याने माझ्या लेकीसाठी पणाला लावलं होतं... आणि ते टिकलंही.

पुन्हा रिंग. "पोचलो." मागे गौराची टकळी चालली होती, "आई, काका भावलीला पंखा करून देतायत!"

"वीरेश, ते त्या दिवशीचं... 'जाऊ द्या'च्या आधीचं..."

"फोनवर न्हाई," त्याचा आवाज एकदम हळू झाला. "तुम्ही आल्यावर. निघालात का?"

बाहेर ड्रायव्हर अजून बोनेटमध्ये डोकं घालून उभा होता. बस जागची हलली नव्हती.

"निघालेच," मी म्हणाले.