बाबांच्या टोपीची खळी

"अहो, अहो! टोपी अशी धरतात का?"

दुकानात पाऊल टाकणाऱ्या माणसाचं मी हे असं स्वागत केलं. या नाही, बसा नाही. पण त्याने गवताच्या काड्यांची ती जुनी टोपी माथ्याला चिमटीत धरून आणली होती. टोप्या विणणाऱ्यांच्या घरातल्या मुलीसमोर हे म्हणजे मांजराचं पिल्लू शेपटीला धरून आणण्यासारखंच!

"मग कशी धरतात?" त्याने निमूटपणे विचारलं.

"काठाला. दोन्ही हातांनी. आणि ठेवायची उलटी, माथ्यावर. नाहीतर काठ वाकडा होतो."

"बरं... आणि गिऱ्हाइकाला खुर्ची कधी देतात?"

माझे कान तापले. आत, काड्या भिजवत बसलेली आत्या खुदकन हसली.

रस्त्याच्या टोकाला झाडांची रोपं विकणारा तो हाच. नखांत माती, गालावरही थोडी. टोपी त्याच्या बाबांची होती. ते गेल्या वर्षी गेले. काठ एका बाजूने उसवला होता. "तेवढाच विणून द्या," तो म्हणाला. "बाकी आहे तशी राहू दे."

आत्याने टोपी उलटी करून माथ्याच्या मधोमध पाहिलं. वीण तिथूनच सुरू होते, आणि प्रत्येक विणणाऱ्याची सुरुवात वेगळी. "अगं, ही तर आपल्याच दुकानातली! तुझ्या आजोबांच्या हातची." आजोबा काड्या रात्रभर भिजवत आणि ओल्या असतानाच विणत, कोरडी काडी वाकवली की तडकते. पहिली काडी मात्र ते कायम उलटी घालायचे. ती तिथे तशीच होती.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या खिडकीसाठी एक रोप घेऊन आला. मग रोज त्याला पाणी घालायला यायला लागला.

"आम्हाला पाणी घालता येत नाही का?" मी विचारलं.

"येत असेल. पण तुम्ही रोपावर ओरडाल, अशी भीती वाटते."

मी हसले नाही. म्हणजे, तो जाईपर्यंत हसले नाही.

काठ एका दुपारीच विणून झाला. तिथे थांबायचं ना! पण माथ्याच्या पुढच्या बाजूला पोचा पडला होता, दोन बोटं रुततील एवढा. आजोबांच्या हातची टोपी, आणि तिला पोचा? 'बाकी राहू दे' हे तो आपला भिडेपोटी म्हणाला असणार, असं मीच ठरवून टाकलं. आत्या बाहेर गेली होती. मी टोपी वाफेवर धरली, लाकडी साच्यावर चढवली, ओल्या फडक्यावरून हलकी इस्त्री फिरवली. पोचा गेला. माझा आनंद गगनात मावेना.

तो आला. मी टोपी पुढे केली, दोन्ही हातांनी, काठाला धरून. त्याची बोटं आपसूक माथ्याच्या पुढच्या बाजूला गेली... चाचपडली... तिथेच थांबली.

"इथे खळी होती."

"पोचा होता. काढला मी!" मी म्हटलं. वर हसलेसुद्धा.

"बाबा कामावरून आले की दारात आईसाठी टोपी उचलायचे. दोन बोटांनी. सुरुवातीला थट्टेत, मग रोजच... त्यांच्या बोटांची होती ती." त्याने टोपी छातीशी धरली. "काठ छान विणलाय," म्हणाला आणि गेला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं मला.

"त्याने सांगितलं होतं ना, बाकी राहू दे म्हणून?" आत्याने विचारलं.

"मला वाटलं, तो खूश होईल."

"तुला वाटलं, तो तुझ्यावर खूश होईल."

खरंच होतं ते. पुन्हा वाफ देऊन पोचा पाडता येईल का, असंही मी विचारलं. आत्या म्हणाली, "येईल की. तुझ्या बोटांचा."

तो पाणी घालायला आला नाही. मीच घातलं, न ओरडता. शेवटी राहवेना, तेव्हा त्याच्याकडे गेले. कुंड्यांच्या मागे फळीवर टोपी होती. उलटी, माथ्यावर ठेवलेली, मी सांगितलं होतं तश्शी. ते पाहिलं आणि डोळे भरूनच आले.

"मी तुमचं ऐकलं नाही," मी भडाभडा बोलत सुटले. "मला काम दाखवायचं होतं. तुम्हाला... तुम्हालाच दाखवायचं होतं. लाज वाटते मला. आणि ती खळी मला परत आणता येणार नाही."

तो कितीतरी वेळ एका कुंडीतली माती दाबत राहिला.

"आईला दाखवली मी टोपी," तो म्हणाला.

"रडल्या?" मी विचारलं.

"रडली. मग म्हणाली, बाबांनी आणली तेव्हाही खळी नव्हतीच. रोज उचलून पडली... तू घाल आता." त्याने हात पुसले, टोपी डोक्यावर चढवली. "पण उचलायची तर समोर कुणीतरी हवं. झाडांपुढे टोपी उचलली तर लोक वेडा म्हणतील."

"सकाळी दुकान मीच उघडते," मी जमिनीकडे बघत म्हटलं. "दारातच असते."

"रोज?"

"रोज."

त्याने दोन बोटं माथ्याच्या पुढच्या बाजूला टेकवली, टोपी हळूच उचलली, आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाला, "अहो, अहो! टोपी अशी धरतात का?"

मला हसू आलं, रडूही आलं, आणि त्या गडबडीत अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं.

"अशीच," मी म्हटलं. "अशीच धर."